तारेचा दोष कीं वहीचा?

घरांतील दिवे गेले तर खिडकींतून बाहेर पाहिलें कीं उलगडा होतो. समोरच्या घरांतहि काळोख असला तर दोष वीज-कंपनीचा; तेथें उजेड असला तर घरांतल्याच फ्यूजचा. इंटरनेटचें मात्र तसें नाहीं. तें बंद पडलें म्हणजे घरांतील माणसें कोपऱ्यांतल्या एका लहानशा पेटीभोंवतीं गोळा होतात. पेटीवरील एक दिवा उघडझांप करीत असतो आणि त्याचा अर्थ कोणासच ठाऊक नसतो. मग कोणी तारा ओढून पाहतो, कोणी पेटीच्या पाठीमागील भोकांत टांचणी खुपसतो, कोणी कंपनीस टेलिफोन करून भांडतो. चौकशीस क्रम नसल्यामुळें तासाभराचें काम चार दिवसांवर जातें. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत शाळा आणि कचेऱ्या घरांत आल्या, तेव्हांपासून हे चार दिवस किती महाग पडतात हें पुष्कळ कुटुंबांस कळून चुकलें आहे.

ज्या पेटीचा येथें विचार करावयाचा आहे तिला केबल मॉडेम म्हणतात. अमेरिकेंतील कोट्यवधि घरांत, आणि तेथें स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांतहि, इंटरनेट याच पेटींतून येतें. तिचा मार्ग मूळचा दूरचित्रवाणीचा. १९४८ च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया आणि ओरेगॉन या राज्यांतील डोंगराळ गांवांत शहरांतून प्रक्षेपित होणारीं चित्रें नीट पोंचत नसत. म्हणून उंच जागीं एक मोठी एरियल उभारून तेथून तारेनें तीं घरोघर नेण्याची युक्ति निघाली. ही व्यवस्था एकेरी होती. कंपनीनें बोलावें आणि घरानें ऐकावें, एवढेंच तिचें काम. इंटरनेटसाठीं घरासहि बोलतां आलें पाहिजे. त्याकरितां केबललॅब्स या अमेरिकेंतील संशोधन-संस्थेनें मार्च १९९७ मध्यें डॉक्सिस नांवाची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यामुळें निरनिराळ्या कारखान्यांचे मॉडेम निरनिराळ्या कंपन्यांच्या केबलवर चालूं शकले. २००६ मध्यें तिची ३.० ही आवृत्ति निघाली व २०१३ मध्यें ३.१ ही. वेग पुष्कळ वाढला. परंतु मॉडेमनें केबलशीं संबंध जोडण्याचा क्रम मूलतः तोच राहिला आहे.

एकाच तारेंतून दोन्ही बाजूंची वाहतूक कशी होते, हें रेडिओच्या श्रोत्यांस समजण्यास अडचण पडूं नये. एकाच आकाशांतून अनेक केंद्रें आपापल्या लहरींवर बोलतात आणि एकाचा शब्द दुसऱ्यांत मिसळत नाहीं. केबलमध्येंहि हीच वांटणी आहे. अमेरिकेंत प्रथमपासून चालत आलेल्या पद्धतींत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ हा अरुंद पट्टा घराकडून कंपनीकडे जाणाऱ्या लहरींचा, आणि ५४ मेगाहर्ट्झच्या वरचा विस्तीर्ण पट्टा घराकडे येणाऱ्या लहरींचा. येणारा पट्टा ६ मेगाहर्ट्झ रुंदीच्या खणांत विभागलेला असतो. युरोपांत हा खण ८ मेगाहर्ट्झचा असतो. केबलच्या दुसऱ्या टोकास, कंपनीच्या ठाण्यांत, सीएमटीएस नांवाचें यंत्र बसविलेलें असतें. एका केबलवर सारी आळी असते. सर्वांनीं एकदम बोलून चालत नाहीं. एकेरी रेल्वेमार्गावर टोकन मिळाल्यावांचून गाडी सोडतां येत नाहीं, त्याप्रमाणें ठाण्यानें नेमून दिलेल्या क्षणींच मॉडेमनें बोलावयाचें असतें.

आतां मॉडेमला वीज मिळाल्यावर काय घडतें तें पाहिलें पाहिजे. तो एका उडींत इंटरनेटला पोंचत नाहीं. एक एक पायरी चढत जातो, आणि खालची पायरी चढल्यावांचून वरच्या पायरीवर पाय टाकीत नाहीं.

पहिली पायरी ऐकण्याची. मॉडेम एकामागून एक खण तपाशीत जातो आणि डॉक्सिसचा खण सांपडला कीं तेथें स्थिर होतो. पेटीवरील ‘डाऊनस्ट्रीम’चा दिवा लुकलुकण्याचें थांबतो तो या वेळीं. मग त्या खणांतून ठाणें सतत जें सांगत असतें तें तो ऐकतो : कोणत्या लहरीवर बोलावें आणि केव्हां बोलावें.

दुसरी पायरी आवाज जुळविण्याची. मॉडेम प्रथम हळू आवाजांत हांक मारतो. उत्तर आलें नाहीं तर आवाज चढवून पुन्हां हांक मारतो. ती ऐकूं गेली कीं ठाणें त्यास सांगतें कीं आवाज इतका वाढव किंवा कमी कर, आणि बोलण्यास इतक्या आधीं सुरुवात कर. वेळेची ही जुळणी जरूर असते. कारण एक किलोमीटर अंतर कापण्यास लहरींस चार-पांच मायक्रोसेकंद लागतात, आणि जवळच्या व दूरच्या घरांचे शब्द आपापल्या नेमल्या क्षणींच ठाण्यांत उतरले पाहिजेत. जुळणी पुरी झाली म्हणजे ‘अपस्ट्रीम’चा दिवा स्थिर होतो.

येथपर्यंत हा मॉडेम कोणाच्या घरचा, त्याचे पैसे कोण भरतो, याची विचारपूस झालेली नसते. ती तिसऱ्या पायरीपासून सुरू होते. प्रत्येक मॉडेमला कारखान्यांतच बारा अंक-अक्षरांचा एक क्रमांक मिळालेला असतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात, आणि तो पेटीच्या तळाशीं चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो. तो क्रमांक पाहून कंपनीचा संगणक मॉडेमला आपल्या जाळ्यांतील एक पत्ता देतो आणि सांगतो कीं तुझें आज्ञापत्र अमुक ठिकाणीं अमुक नांवानें ठेवलें आहे. मॉडेम आपलें घड्याळ लावून घेतो व तें आज्ञापत्र आणतो. ग्राहकाच्या योजनेप्रमाणें वेग किती द्यावा, मॉडेमला किती यंत्रें जोडूं द्यावीं, इत्यादि गोष्टी त्यांत लिहिलेल्या असतात. शेवटीं मॉडेम तें ठाण्यापुढें ठेवून नोंदणी मागतो. आज्ञापत्रावर गुप्त शब्दाच्या साह्यानें उठविलेली एक प्रकारची मोहोर असते. वाटेंत कोणी एक अक्षर फिरविलें तरी ठाणें तें नाकारतें. नोंदणी मान्य झाली म्हणजे ‘ऑनलाइन’चा दिवा स्थिर होतो. मॅक पत्ता, ग्राहकाचें खातें आणि आज्ञापत्र यांची सांगड घालून ठेवण्याच्या या कामास प्रोव्हिजनिंग असें नांव आहे.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे दोषांचे दोन वर्ग आपोआप पडतात. मॉडेम पहिल्या दोन पायऱ्यांवर अडला तर दोष तारेचा. तेथून पुढें अडला तर दोष बहुधा वहीचा, म्हणजे कंपनीच्या नोंदणीचा. तारेच्या दोषाला पाना लागतो, वहीच्या दोषाला टेलिफोन. वहीच्या दोषासाठीं कनेक्टर पिळीत बसणें, किंवा तारेच्या दोषासाठीं कचेरींतील माणसाकडून नोंदणी पुन्हां पुन्हां करवून घेणें, यांत दिवस जातात आणि हातीं कांहीं लागत नाहीं.

तारेच्या दोषाची चौकशी शेजाऱ्यापासून आरंभावी. त्याचेंहि इंटरनेट बंद असेल तर दोष रस्त्यावरील केबलमध्यें किंवा ठाण्यांत आहे, आणि घरांत करण्यासारखें कांहीं नाहीं. शेजाऱ्याचें चालू असेल तर भिंतीपासून मॉडेमपर्यंतची केबल हातानें चांचपावी. तिच्या टोकाचा कनेक्टर आट्यांवर फिरवून बसवावयाचा असतो. तो अर्धवट सैल राहिला तर चित्र दिसतें पण मॉडेम अडतो, असेंहि होतें. त्यानंतर स्प्लिटर पाहावा. एका केबलच्या दोन शाखा करणारी ही लहानशी डबी निरुपद्रवी दिसते. परंतु तिच्या प्रत्येक शाखेंत सुमारें साडेतीन डेसिबल, म्हणजे अर्ध्याहून अधिक शक्ति, खर्ची पडते. शिवाय हा तोटा दोन्ही बाजूंचा आहे. ठाण्याचा आवाज घरांत तितका क्षीण येतो, आणि मॉडेमला तितकेंच मोठ्यानें ओरडावें लागतें. एकापुढें एक असे दोन-तीन स्प्लिटर असलेल्या घरांत मॉडेमची केबल क्षणभर थेट भिंतीवरील कनेक्टरला जोडून पाहिली कीं निम्मा निकाल लागतो.

उरलेला निकाल आंकड्यांवरून लावतां येतो. पुष्कळशा मॉडेममध्यें त्यांच्या प्रकृतीचें एक पान असतें, संगणकावर १९२.१६८.१००.१ हा पत्ता दिला कीं तें उघडतें, आणि इंटरनेट बंद असलें तरी उघडतें. त्यावरील तीन आंकडे मुख्य आहेत. येणाऱ्या लहरींची शक्ति उणें १५ ते अधिक १५ डेसिबल-मिलिव्होल्ट यांच्या आंत असावी असा नियम आहे. शून्याच्या आसपास असली तर उत्तम. दुसरा आंकडा आवाज आणि गोंगाट यांच्या प्रमाणाचा. तो ३३ डेसिबलच्या वर असावा. ३० च्या खालीं गेला तर शब्द गळूं लागतात. तिसरा आंकडा मॉडेम स्वतः किती जोरानें बोलत आहे त्याचा. तो साधारणपणें ३५ ते ५० असतो, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. आंकडा मोठा म्हणजे प्रकृति चांगली असें त्यांस वाटतें. वस्तुतः ५० च्या पुढें गेलेला आंकडा असें सांगतो कीं मॉडेम घसा फोडून ओरडत आहे आणि वाटेंत कोठें तरी आवाज गिळला जात आहे.

त्याच पानाशेजारीं मॉडेमची रोजनिशी असते. तींत ‘टी-३’ असें वारंवार लिहिलेलें आढळलें तर मॉडेमच्या हांकेला ठाण्याचें उत्तर येत नाहीं असें समजावें. ‘टी-४’ आढळलें तर ठाण्याकडून नियमितपणें येणारी विचारणा ३० ते ३५ सेकंदांत कानीं पडली नाहीं असा त्याचा अर्थ. या नोंदींची वेळ पाहण्यासारखी असते. दुपारच्या उन्हांत किंवा पावसानंतरच त्या उमटत असतील तर केबलच्या सांध्यांत पाणी शिरल्याचा किंवा सांधा ढिला झाल्याचा संशय बळावतो. कांहीं मॉडेम बंद केल्यावर ही रोजनिशी पुसली जाते. म्हणून वीज काढण्यापूर्वीं तिचें छायाचित्र घेऊन ठेवावें. कंपनीचा माणूस घरीं येतो तेव्हां बहुधा सारें सुरळीत चालू असतें, आणि मग हा एकच साक्षीदार उरतो.

सैल कनेक्टरचा प्रश्न एका घरापुरता नसतो. घराकडून जाणाऱ्या लहरींचा ५ ते ४२ मेगाहर्ट्झ हा पट्टा म्हणजे बाहेरच्या जगांतील लघुलहरींचा मुलूख. सैल सांधा हा एक लहानसा एरियलच होतो. लघुलहरींवरील भाषणें, मोटारींच्या ठिणग्या, घरांतील यंत्रांची खरखर हें सर्व तो केबलमध्यें ओढून घेतो. खालीं येणारा प्रवाह फांट्याफांट्यांनीं वांटला जातो. वर जाणारा मात्र सर्व घरांतून एकत्र होऊन ठाण्याकडे जातो. त्यामुळें प्रत्येक घरांतील गोंगाटाची बेरीज ठाण्याच्या कानांत होते, आणि एका घरांतील उघड्या टोंकामुळें आळींतील दहा घरांच्या हांका बुडून जातात. उलट दिशेनें केबलमधील लहरी बाहेरहि गळतात. १०८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानें वापरतात. म्हणून अमेरिकेंत या गळतीवर सरकारी नियमांचें बंधन आहे. जुना दूरचित्रवाणी-संच काढून टाकल्यावर त्याच्या केबलचें टोंक तसेंच लोंबत ठेवूं नये, असें सांगतात त्याचें कारण हें आहे.

आतां वहीच्या दोषाकडे वळावें. समजा, एका कुटुंबानें भाड्याचा मॉडेम परत करून स्वतःचा नवा विकत आणला. डाऊनस्ट्रीम व अपस्ट्रीम हे दोन्ही दिवे स्थिर आहेत, आंकडे निर्दोष आहेत. पण ऑनलाइनचा दिवा लुकलुकतच राहतो. किंवा तोहि स्थिर होतो, परंतु कोणतेंहि पान उघडलें तरी कंपनीचें नोंदणीचेंच पान पुढें येतें. येथें तारेनें आपलें काम पुरें केलेलें आहे. नव्या मॉडेमचा मॅक पत्ता अद्याप वहींत चढलेला नाहीं, किंवा चढवितांना चूक झालेली आहे. बारीक छपाईंत आठाचा आंकडा आणि बी हें अक्षर, शून्य आणि डी हें अक्षर, यांची गल्लत सहज होते. मॉडेम जुना विकत घेतलेला असेल तर तो पहिल्या मालकाच्या खात्यावरच राहिलेला असूं शकतो. कंपनीच्या मान्य यादींत ती जातच नसेल, तर क्रमांक बरोबर असूनहि आज्ञापत्र मिळत नाहीं.

अशा वेळीं टेलिफोनवर भांडण्यापेक्षां तीन प्रश्न विचारावे. ठाण्याच्या यंत्राला हा मॉडेम दिसतो काय? त्याला पत्ता मिळाला आहे काय? आणि त्याला कोणतें आज्ञापत्र दिलें गेलें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर पुन्हां तारेकडे वळावें. तें ‘होय’ असें येऊन पुढच्या दोहोंपैकीं एकाचें उत्तर अडखळलें, तर मॅक पत्ता एक एक अक्षर करून वाचून दाखवावा, जुना मॉडेम खात्यांतून काढावयास सांगावें आणि नोंदणी पुन्हां करवून घ्यावी. तारेचा दोष असल्याचें ठरल्यावांचून घरीं माणूस पाठविण्याची तारीख स्वीकारूं नये. तो पाना घेऊन येईल, आणि दुरुस्त करावयाची आहे ती कचेरींतील एक ओळ.

वहीच्या दोषाचा एक सौम्य प्रकारहि आहे. इंटरनेट चालतें, पण पैसे भरले त्या वेगानें नाहीं. मॉडेम आज्ञापत्र वाचतो तें नोंदणीच्या वेळीं. योजना वाढवून घेतल्यावर मॉडेम पुन्हां सुरू झाला नाहीं, तर तो जुन्याच आज्ञेवर चालत राहतो. एकदां वीज काढून पुन्हां दिली कीं बहुधा काम होतें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर वहींत जुनीच योजना राहून गेली असावी.

या दोन वर्गांच्या सीमेवर एक तिसरी अडचण उभी असते. ऑनलाइनचा दिवा स्थिर असतो आणि तरीहि नवा संगणक किंवा नवा राऊटर कोरडाच राहतो. आज्ञापत्रांत जोडावयाच्या यंत्रांची संख्या पुष्कळदां एकच असते, आणि मॉडेम जें यंत्र पहिल्यानें पाहतो त्यासच ओळखतो. नवें यंत्र जोडल्यावर मॉडेमची वीज काढून त्याची ती ओळख पुसावी लागते. मग प्रथम मॉडेम सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर होऊं द्यावे, आणि नंतर राऊटर सुरू करावा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर त्याला कोणीच पत्ता दिलेला नाहीं आणि त्यानें तो स्वतःच कल्पिला आहे असें समजावें. वायफायचा दोष मॉडेमच्या माथीं मारण्यापूर्वीं संगणक एकदां साध्या तारेनें जोडून पाहणेंहि इष्ट असतें.

वीज काढून पुन्हां देणें आणि मागील भोकांत टांचणी घालणें, हीं दोन कामें एकच नव्हत. पहिल्यानें मॉडेम फक्त पायऱ्या पुन्हां चढतो. दुसऱ्यानें त्याच्या मालकानें केलेली सर्व मांडणी, वायफायच्या परवलीच्या शब्दासह, पुसली जाऊं शकते. आणि वहींतील चूक तर तशीच राहते. टांचणी हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

ज्या घरांत टेलिफोनहि याच केबलवरून येतो तेथें ही चौकशी अधिक काळजीनें करावी. मॉडेम अडला कीं तो टेलिफोनहि मुका होतो. वीज गेली आणि पेटींत बॅटरी नसली तरी तेंच होतें. घरांत वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर डॉक्टरांस बोलाविण्याचा दुसरा मार्ग, निदान विजेनें भरलेला एक मोबाइल, हाताशीं असावा.

महाराष्ट्रांतील शहरांत केबलवाल्याकडून घेतलेलें इंटरनेट सर्वत्र या जातीचें नसतें. कित्येक इमारतींत तें गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या संगणकी तारेनें येत आलें, आणि आतां पुष्कळ ठिकाणीं काचतंतूनें येतें. काचतंतूच्या पेटीलाहि प्रथम प्रकाश दिसावा लागतो, मग ठाण्यापासूनचें अंतर जुळवावें लागतें, आणि त्यानंतर तिचा कारखानी क्रमांक कंपनीच्या वहींत सांपडावा लागतो. तिच्यावर तांबडा दिवा लागला तर तंतु तुटला किंवा वाकला असा संशय घ्यावा. प्रकाशाचा हिरवा दिवा स्थिर असून इंटरनेटचा तेवढा विझलेला असेल तर वही तपासावयास सांगावें. अमेरिकेंतील केबल असो वा पुण्यांतील काचतंतु असो, टेलिफोन उचलण्यापूर्वीं कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्या : कोणता दिवा स्थिर आहे, कोणता नाहीं, आणि बिघाड किती वाजतां सुरू झाला. पलीकडच्या माणसासहि नेमकें हेंच हवें असतें.